माती आधी, तारीख शेवटी: व्हिक्टोरियाकालीन स्मरणिका भांडी ओळखायची, घ्यायची आणि जपायची कशी

लंडनच्या जुन्या बाजारात, ऑनलाइन लिलावात किंवा मुंबईच्या चोर बाजारात राणी व्हिक्टोरियाचं चित्र असलेला चिनीमातीचा मग समोर आला, की नवखा माणूस आधी त्यावरची तारीख वाचतो. १८३८, १८८७, १८९७. तारीख वाचली की भांडं तेवढं जुनं असं मनात पक्कं होतं आणि पुढची तपासणी तिथेच थांबते. पण भांड्यावर छापलेली तारीख घटनेची असते. भांडं भट्टीतून कधी निघालं, ते सांगणाऱ्या खुणा दुसरीकडे असतात: मातीत, छापात, बुडावर आणि झिजेत. म्हणून या लेखात तपासणीचा क्रम उलटा ठेवला आहे. आधी माती, नंतर छाप, बूड, झीज, डागडुजी आणि सगळ्यात शेवटी तारीख. दहा-बारा भांडी या क्रमाने हाताळली की हाताला सवय होते, आणि या छंदात हाताची सवय पुस्तकी माहितीपेक्षा जास्त पैसे वाचवते.

कशाकशाची भांडी निघाली

बहुतेक माल इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशर परगण्याचा. बर्स्लेम, टनस्टॉल, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन ही तिथली सहा कुंभारगावं. १९१० साली ती एकत्र होऊन आजचं स्टोक-ऑन-ट्रेंट झालं. कोळसा तिथल्याच खाणींतला, पांढरी माती मात्र कॉर्नवॉल आणि डेव्हनहून येई.

व्हिक्टोरिया २० जून १८३७ रोजी गादीवर आली, २८ जून १८३८ला राज्याभिषेक झाला आणि १० फेब्रुवारी १८४०ला अल्बर्टशी लग्न. या प्रसंगांची भांडी आहेत, पण थोडी. राज्याभिषेकाचे मग तर दुर्मीळच. वेल्समधल्या स्वान्सीचे असे मग मोठ्या लिलावांत येतात आणि भरपूर किंमत घेऊन जातात. पहिल्या वर्षी त्यांच्या वाटेला जाऊ नका. वस्तू दुर्मीळ आणि किंमत चढी असली, की नकला करणाऱ्यालाही मेहनत परवडते.

पुढे १८५१चं ग्रेट एक्झिबिशन आलं. हाइड पार्कमधला काचेचा क्रिस्टल पॅलेस बश्यांवर, मगांवर आणि डब्यांच्या झाकणांवर छापला गेला. १८५३ ते १८५६च्या क्रिमियन युद्धाने सेनापतींचे आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे पुतळे दिले. १४ डिसेंबर १८६१ला अल्बर्ट वारला, त्याची शोकस्मरणं निघाली. १८६३मध्ये युवराज एडवर्ड आणि अलेक्झांड्रा यांचं लग्न, १८८५मध्ये खार्टूमला जनरल गॉर्डनचा मृत्यू, १८८१मध्ये डिझरायली आणि १८९८मध्ये ग्लॅडस्टन हे माजी पंतप्रधान गेले. यातल्या प्रत्येक प्रसंगाची आठवण कुणाच्या ना कुणाच्या फडताळावर भांड्याच्या रूपाने जाऊन बसली.

खरा पूर आला तो १८८७च्या सुवर्णमहोत्सवात. छापकाम स्वस्त झालं होतं, रेल्वेने माल गावोगावी पोचत होता आणि १८७०च्या शिक्षण कायद्यानंतर शाळेत जाणारी मुलं खूप वाढली होती. शाळेत मग वाटणं ही नगरपालिकांना सोयीची भेट वाटली. २२ जून १८८७ला हाइड पार्कमध्ये सुमारे ३०,००० मुलांना पाव, दूध आणि डोल्टन कारखान्याचा स्मरणिका मग मिळाला. अनेक गावांनी मगावर आपलं नाव, बोधचिन्ह आणि महापौराचं नाव छापून घेतलं. आज गावाचं नाव असलेला मग बिननावाच्या मगापेक्षा जास्त बोलका असतो, कारण तो कुठे, कुणी आणि किती मुलांना वाटला याचा माग त्या काळच्या स्थानिक वर्तमानपत्रांत काढता येतो.

याच वर्षीच्या भांड्यांवर ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही पदवी दिसू लागते. तिच्यापुढे १८७६ असो की १८७७, दोन्हींना आधार आहे: कायदा १८७६चा, आणि दिल्ली दरबारातली घोषणा १ जानेवारी १८७७ची. मुंबईच्या बोरीबंदर स्थानकाला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळालं आणि आजच्या व्हीजेटीआयची स्थापना झाली तीही याच सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने.

दहा वर्षांनी हीरकमहोत्सव. त्या भांड्यांवरची २२ जून १८९७ ही तारीख मराठी माणसाला वेगळ्या कारणाने पाठ असते. त्याच रात्री पुण्यात, गव्हर्नमेंट हाउसमधल्या हीरकमहोत्सवी समारंभातून परतणाऱ्या रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या. प्लेगच्या बंदोबस्तात पुणेकरांनी जे सोसलं होतं, त्याचा तो हिशेब होता. हे ठाऊक असताना हीरकमहोत्सवी मग हातात घेतला की त्यावरची फुलांची महिरप आणि वसाहतींची यादी वेगळीच वाचली जाते. म्हणूनच ही भांडी आपल्याकडच्या संग्रहातही असावीत असं आम्हांला मनापासून वाटतं.

पहिली खरेदी १८९७च्या मगाचीच करा. तो भरपूर मिळतो, स्वस्त असतो, आणि त्याच्या नकला करण्यात कुणाला फारसा रस नसतो. शिकण्यासाठी अस्सल वस्तू हवी, मग ती अगदी साधी असली तरी चालेल.

सोबत काय न्यावं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, लहान पण प्रखर टॉर्च, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च, मोजपट्टी आणि मऊ सुती फडकं. हातातल्या अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. सोनेरी मुलाम्यावर अंगठीचा ओरखडा उठला की तो कायमचा. टेबलावर फडकं पसरा. झाकण असेल तर आधी ते काढून बाजूला ठेवा. मग किंवा जग कधीही कानाला धरून उचलू नका. कान हा वेगळा करून चिकटवलेला भाग असतो आणि सव्वाशे वर्षांत तो सांधा किती कमकुवत झाला आहे ते बाहेरून कळत नाही. एक हात बुडाखाली, दुसरा अंगाला.

पायरी १: माती

टॉर्च भांड्याच्या आत धरा आणि बाहेरून बघा. उजेड पार होऊन बोटांची सावली दिसली तर ते बोन चायना किंवा पोर्सेलिन. बोन चायनात जवळजवळ निम्मी जनावरांच्या हाडांची राख असते, म्हणून ते पातळ असूनही कणखर आणि दुधाळ पांढरं. उजेड अडला तर अर्दनवेअर किंवा स्टोनवेअर.

अर्दनवेअर सच्छिद्र असतं आणि वरच्या झिलईच्या, म्हणजे काचेसारख्या थराच्या, भरवशावर पाणी धरतं. जिथे टवका उडाला आहे तिथे आतली माती खडूसारखी दिसते. शाळेत वाटलेले पुष्कळसे मग याच मातीचे. स्टोनवेअर आपल्या लोणच्याच्या बरणीच्या जातीचं: जड, घट्ट भाजलेलं, टवका उडाला तरी आत पाणी न शोषणारं. डोल्टनच्या लंडनमधल्या लॅम्बेथ कारखान्याचे महोत्सवी जग असे आहेत. खाली मधासारखा तपकिरी आणि वर गडद रंग, अंगावर उठावातलं राणीचं मुख, आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत. ही साल मिठामुळे येते. भट्टी पुरती तापल्यावर तीत मीठ टाकत. त्याची वाफ मातीतल्या सिलिकाशी संयोग पावून झिलई बने. नकलेत हा पोत बहुधा गुळगुळीत किंवा सगळीकडे एकसारखा असतो.

आता टिचकी. ताटली तीन बोटांच्या टोकांवर तोलून दुसऱ्या हाताच्या नखाने काठावर हलकी टिचकी मारा. बोन चायना लांब घुमतं. अर्दनवेअरचा नाद आखूड, लाकडी. त्यावरून ते खराब आहे असं समजू नका. ‘खर्र’ असा फुटका आवाज आला तर मात्र कुठेतरी तडा आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. सर्वांगावर बारीक भेगांची जाळी असलेल्या भांड्यावर ही चाचणी फसते, आणि कानाच्या सांध्याशी ती करूच नये.

पायरी २: छाप

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. व्हिक्टोरियाकालीन छाप कसा होत असे ते समजलं की निम्म्या नकला दुकानातच ओळखू येतात.

कारागीर तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरी. पत्रा गरम करून त्यावर तेलात घोटलेला धातूच्या ऑक्साइडचा रंग भरत (निळ्यासाठी कोबाल्ट), वरचा रंग पुसून फक्त खोदलेल्या रेषांत ठेवत, आणि साबणपाण्याने ओलसर केलेला पातळ कागद त्यावर दाबून छाप उचलत. तो कागद कापून एकदा भाजलेल्या, अजून झिलई न दिलेल्या भांड्यावर बसवायचं काम बायका आणि मुली करत. कडक ब्रशने घासून कागद पाण्यात सोडवला की रंग भांड्यावर राही. मंद भट्टीत तेल जाळून टाकत, नंतर झिलईत बुडवून पुन्हा भाजत.

या प्रत्येक टप्प्याची खूण भांड्यावर राहते. काठाच्या नक्षीची पट्टी जिथे संपते तिथे पानं-फुलं नीट जुळत नाहीत, अर्धं फूल अर्ध्या पानाला भिडतं. कागदाला चुणी पडली असेल तर पांढरी बारीक रेघ दिसते. हवेचा बुडबुडा राहिला असेल तर छापात तेवढा डाग कोरा राहतो. मगावर चित्र गोल फिरून कानापाशी थांबतं, तिथे मोकळी जागा सुटते. या उणिवा नवख्याला खराब मालाची लक्षणं वाटतात. जाणकाराला त्याच हव्या असतात.

भिंगाखाली रेषा बघा. कोरीव छापात छटा रेषांनी आणि हाताने टोचलेल्या ठिपक्यांनी तयार होते. ठिपके लहान-मोठे, अंतर अनियमित. १८९०च्या दशकापासून दगडी छपाईवरून उचललेली बहुरंगी चित्रंही वाढत गेली. त्यांतही ठिपके असतात, पण तेही अनियमितच. चार रंगांचे ठिपके शिस्तीत, जाळीसारखे, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे मांडलेले दिसले तर ती आधुनिक छपाई आहे. भांडं परत ठेवा.

छाप झिलईखाली आहे की वर, हेही पाहा. भांडं तिरपं धरून खिडकीचा उजेड चित्रावरून सरकू द्या. झिलईखालच्या छापावरून चमक अखंड जाते. वरच्या छापावर किंवा हाताने भरलेल्या रंगावर चमक तुटते, नखाला किंचित उठाव लागतो. दोन्ही पद्धती त्या काळच्याच. काळ्या किंवा तपकिरी छापावर लाल-हिरव्या रंगाचे हाताने मारलेले फटकारे खूप भांड्यांवर आहेत, आणि ते रेषेबाहेर गेलेले असणं स्वाभाविक.

सोनेरी काठाकडेही लक्ष द्या. जुना चांगला मुलामा मऊ, थोडा मंद, आणि ओठ-बोटं लागतात तिथे झिजलेला असतो. आरशासारखं लखलखणारं, पातळ ‘ब्राइट गोल्ड’ शतकाच्या अखेरीस सर्रास झालं. ते १८४०च्या म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर असेल तर वस्तू उशिराची आहे किंवा काठ नंतर पुन्हा रंगवला आहे.

पायरी ३: बूड

आता भांडं पालथं करा. बुडावर तीन प्रकारच्या खुणा सापडतात: कारखान्याचा शिक्का, नोंदणीची खूण आणि भट्टीच्या खुणा. शिक्का नसला म्हणून भांडं खोटं ठरत नाही. स्वस्त स्मरणिका मालावर पुष्कळदा शिक्काच नसे.

नोंदणीची खूण सगळ्यात उपयोगी. १८४२ ते १८८३ या काळात नोंदवलेल्या नक्षीवर पतंगाच्या आकाराचा चौकोन असतो. वरच्या टोकावरच्या वर्तुळात रोमन चार असेल तर वर्ग मातीच्या वस्तूंचा. १८६७पर्यंत वर्षाचं अक्षर वर्तुळाच्या लगेच खाली, महिन्याचं डावीकडे, दिवस उजवीकडे. १८६८पासून जागा बदलल्या आणि वर्षाचं अक्षर उजवीकडे आलं. अक्षरं क्रमाने नाहीत: १८४२ला ‘एक्स’, १८५१ला ‘पी’, १८६३ला ‘जी’. शिवाय ‘एक्स’ १८६८ला पुन्हा येतं, म्हणून जागा न पाहता अक्षर वाचलं तर सव्वीस वर्षांची चूक होते. अक्षरांचा तक्ता छापून खिशात ठेवा.

१८८४पासून हा चौकोन बंद झाला आणि ‘आरडी नंबर’ असा सलग आकडा सुरू झाला. १८८७ची नोंदणी साधारण ६४,५२०पासून ९०,४८२पर्यंत, आणि १८९७ची २,९१,२४१पासून ३,११,६५७पर्यंत. ही नक्षी नोंदवल्याची तारीख आहे. नोंदणीनंतर तीच नक्षी वर्षानुवर्षं छापली जाऊ शकते. त्यामुळे या आकड्यावरून भांडं याच्याआधीचं नाही एवढंच ठामपणे म्हणता येतं.

शिक्क्यातले शब्दही बोलतात. अमेरिकेच्या १८९०च्या मॅककिन्ली जकात कायद्यामुळे आयात मालावर उगमदेशाचं नाव सक्तीचं झालं, तेव्हा १८९१पासून नुसतं ‘इंग्लंड’ दिसू लागतं. ‘मेड इन इंग्लंड’ हे बहुतांशी विसाव्या शतकातलं. १८८७च्या महोत्सवी मगाच्या बुडावर ‘मेड इन इंग्लंड’ आणि ‘बोन चायना’ असं ठसठशीत छापलेलं असेल तर तो त्या वर्षीचा नाही. ‘ट्रेड मार्क’ हे शब्द १८६२च्या कायद्यानंतरचे. डोल्टनच्या नावाआधी ‘रॉयल’ १९०१पासून लागलं, म्हणून ‘रॉयल डोल्टन’ शिक्का असलेलं भांडं हीरकमहोत्सवात वाटलेलं असू शकत नाही. वेजवूडच्या बाबतीत पूर्ण नाव नीट वाचा. जोसाया वेजवूडच्या घराण्याचा कारखाना १८६०पासून मातीत तीन अक्षरांचा तारखेचा संकेत दाबत असे, आणि ‘वेजवूड अँड कंपनी’ हा टनस्टॉलचा वेगळाच कारखाना होता. दोघांच्या किमतीत मोठा फरक पडतो.

ब्रिटिश राजचिन्ह छापलेलं असेल तर त्याच्या मध्यभागी छोटी ढाल आहे का पाहा. ती हॅनोव्हर राज्याची. तिथे बाईला गादी मिळत नसल्याने १८३७नंतर ती चिन्हातून गेली. जुने पत्रे वापरणाऱ्या कारखान्यांत हा बदल मागे राहू शकतो, म्हणून ही खूण एकटीने निकाल देत नाही. पण शंकेला जागा देते.

बुडावर तीन बारीक टोचे दिसतील. भट्टीत भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून खाली मातीच्या तिवया ठेवत, त्यांच्या या खुणा.

पायरी ४: झीज

भांडं टेबलाला जिथे टेकतं त्या कड्यावरच झीज हवी, आणि ओरखडे सगळ्या दिशांना हवेत. सँडपेपरने केलेली झीज एकाच दिशेची असते, आणि टेबलाला न लागणाऱ्या खोलगट भागातही पोचलेली असते.

झिलईतल्या बारीक भेगांच्या जाळीला क्रेझिंग म्हणतात. माती आणि झिलई कमी-जास्त आकुंचन पावतात, किंवा सच्छिद्र माती वर्षानुवर्षं दमट हवेतलं पाणी घेऊन फुगते, तेव्हा वरचा थर ताणून तडकतो. खऱ्या भांड्यात ही जाळी कुठे दाट, कुठे विरळ, आणि तपकिरी डाग टवक्यांजवळ किंवा बुडाजवळ जास्त. नकलेत जाळी सर्वांगावर सारखी असते आणि चहात बुडवल्यासारखा एकच रंग चढलेला असतो, कारण बऱ्याचदा खरोखरच तो चहाचा असतो.

पायरी ५: डागडुजी

खोली अंधारी करून अतिनील टॉर्च फिरवा. नवा रंग, सरस किंवा भरण मूळ झिलईपेक्षा वेगळं चमकतं; कुठे पांढरट निळं, कुठे पिवळट. काठ, कानाचे दोन्ही सांधे, जगाची चोच आणि पुतळ्याची मान या जागा सोडू नका. नखाने हलकं चाचपून बघा: झिलई थंड आणि काचेसारखी लागते, रंगवलेला भाग किंचित उबदार आणि प्लॅस्टिकसारखा. भेग काठापासून सुरू होऊन आत जात असेल आणि आतून-बाहेरून दोन्हीकडे दिसत असेल तर ती झिलईपुरती नाही, भांडं तडकलेलं आहे.

डागडुजी म्हणजे फसवणूक असं नाही. विकणाऱ्याने ती सांगितली आणि किंमत त्याप्रमाणे धरली तर दुर्मीळ वस्तू डागडुजीसह घेण्यात काहीच वावगं नाही.

पायरी ६: आता तारीख

माती, छाप, बूड आणि झीज एकाच काळाकडे बोट दाखवत असतील तरच तारखेवर विश्वास ठेवा. राणीचं वय तारखेशी जुळतं का बघा. १८९७च्या अनेक भांड्यांवर दोन मुखं असतात: १८३७ची तरुणी आणि साठ वर्षांनंतरची छोटा मुकुट व झिरझिरीत बुरखा घेतलेली वृद्धा. सुरुवातीच्या काळातली चित्रं मात्र राणीसारखी दिसतीलच असं नाही. छायाचित्रं नव्हती आणि कोरणारा दुसऱ्याच्या चित्रावरून कोरी.

तारखेतच कधी इतिहास सापडतो. व्हिक्टोरिया २२ जानेवारी १९०१ला वारली. तिच्या मुलाचा, सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ला ठरला, मग तयार झाले, आणि ऐन वेळी त्याच्या पोटाची शस्त्रक्रिया करावी लागली. समारंभ ९ ऑगस्टला झाला. जूनची तारीख असलेले मग ढिगाने मिळतात. ऑगस्टची खरी तारीख असलेला दिसला तर सोडू नका.

पुतळे आणि झाकणं: यांचे नियम थोडे वेगळे

स्टॅफर्डशरचे सपाट पाठीचे पुतळे भिंतीला टेकवून शेकोटीवरच्या फळीवर ठेवण्यासाठी केलेले, म्हणून पाठ कोरी. जुने पुतळे साच्यात मातीची पोळी हाताने दाबून करत. आतून भिंत कमी-जास्त जाड, बोटांच्या खुणा, वजन भरीव आणि वाफ जाण्याचं भोक वाटाण्याएवढं. पातळ माती साच्यात ओतून केलेले नंतरचे पुतळे हलके, आतून बाहेरच्या आकाराबरहुकूम खोलगट, आणि भोक चांगलंच मोठं. या प्रकारात नकला इतक्या आहेत, की पन्नास पुतळे हाताळल्याशिवाय एकही विकत घेऊ नये असं आमचं मत आहे.

फेंटनच्या एफ. अँड आर. प्रॅट कारखान्याची बहुरंगी झाकणं हा स्वतंत्र छंद आहे. जेसी ऑस्टिन या कोरणाऱ्याने प्रत्येक रंगाला वेगळा पत्रा वापरून ही चित्रं साधली. पत्रे एकमेकांवर नीट बसावेत म्हणून काठाजवळ बारीक ठिपके असत, ते अजून दिसतात. डब्यांत केसांना लावायची अस्वलाची चरबी किंवा मासळीची चटणी विकत. मूळ पत्र्यांवरून विसाव्या शतकातही झाकणं छापली गेली, तेव्हा फक्त चित्र ओळखून पैसे मोजू नका.

गावाचं बोधचिन्ह असलेलं छोटं पांढरं पोर्सेलिन, म्हणजे १८५८ साली सुरू झालेल्या डब्ल्यू. एच. गॉसच्या कारखान्याची आणि त्याच्या अनुकरणाची भांडी, सहलीच्या आठवणी म्हणून निघाली. सुरुवातीला स्वस्तात सराव करायला तीही चांगली.

खरेदी

ऑनलाइन घेत असाल तर सहा फोटो मागा: पुढून, मागून, आतून, बूड, काठ वरून, आणि कानाचा सांधा जवळून. वर्णनात ‘एएफ’ अशी अक्षरं असली तर वस्तूत दोष आहे आणि तो गृहीत धरूनच घ्यायची आहे असा अर्थ. लिलावात बोलीच्या वर लिलावगृहाचं कमिशन लागतं, ते बहुधा २० ते ३० टक्क्यांच्या आसपास. वर कर आणि टपाल. ही बेरीज बोली लावण्याआधी करा, नंतर नाही. परदेशातून मागवताना दोन खोके सांगा, एकात एक, मध्ये सगळीकडून ५ सेंटीमीटर मऊ भरण. मगाच्या आत कागद सैल भरायचा. ठासून भरला की धक्क्याने मग आतून फुटतो.

भारतात घेतलेल्या जुन्या वस्तूबाबत १९७२चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू त्याखाली येऊ शकते, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला जुना मग भेट म्हणून धाडण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा. अशा वस्तूंचा व्यापार करायचा तर परवाना लागतो.

नजर तयार करण्यासाठी संग्रहालयं बघा. ब्रायटनच्या संग्रहालयात हेन्री विलेट यांनी जमवलेला लोकप्रिय भांड्यांचा संग्रह आहे. इंग्लंडचा इतिहास भांड्यांतून दिसावा या हेतूनेच तो जमवला गेला. हॅन्लीचं पॉटरीज म्युझियम आणि लाँगटनचं ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियम इथे भांडी आणि बाटलीच्या आकाराच्या भट्ट्या पाहता येतात. मुंबईत भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२मध्ये व्हिक्टोरिया-अल्बर्ट यांच्याच नावाने उघडलं. तिथे जे. जे. कलाशाळेत त्या काळी घडलेली मातीची भांडी आहेत. स्टॅफर्डशरच्या मालाशेजारी ती मनात ठेवून बघा.

धुणं, मांडणं, जपणं

या भांड्यांतून चहा पिऊ नका. त्या काळच्या झिलईत शिसं असे, आणि लिंबू, चिंच, ताक यांसारख्या आंबट पदार्थांनी ते सुटतं. मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर वर्ज्य.

प्लॅस्टिकच्या टबात तळाला टॉवेल घाला, कोमट पाणी, चार थेंब सौम्य साबण, आणि एका वेळी एकच भांडं. जाळी पडलेलं किंवा तडकलेलं अर्दनवेअर बुडवू नका. मळकं पाणी भेगांतून झिलईखाली जातं आणि डाग आणखी पसरतात. ओलसर कापसाने पुसा, लगेच कोरडं करा आणि दोन दिवस हवेशीर ठेवा. ब्लीच तर कधीच नको. डाग पहिल्या दिवशी गेल्यासारखा वाटतो, पण ब्लीचमधले क्षार मातीत राहतात, वाळताना त्यांचे स्फटिक होतात आणि काही महिन्यांत झिलईच्या खपल्या निघतात. अशी खपली निघालेली भांडी पाहून जीव हळहळतो, कारण डाग असतानाही ती सुंदरच होती. डाग काढायचाच असेल तर संवर्धकाकडे द्या.

ताटल्या भिंतीवर लावायला स्प्रिंगची तार वापरू नका. तिच्या आकड्यांनी काठाचे टवके उडतात. लाकडी किंवा ॲक्रिलिकचा स्टँड बरा. मग कानाने खिळ्याला टांगू नका. एकावर एक ठेवताना मध्ये आम्लरहित कागद किंवा धुतलेलं सुती कापड घाला. वर्तमानपत्रात गुंडाळून कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात बंद खोक्यात ठेवलेल्या भांड्यांवर शाई उतरते आणि बुरशी धरते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा कपाट उघडून ठेवा.

प्रत्येक भांड्याची नोंद करा: कुठून, कधी, कितीला; उंची आणि व्यास मिलिमीटरमध्ये; बुडाचा फोटो; नोंदणीचा आकडा; दोष. आकडा भांड्यावर पेनाने लिहू नका आणि स्टिकर लावू नका, सोनेरी मुलामा स्टिकरसोबत निघून येतो. मऊ सुती दोऱ्याला कागदी चिठ्ठी बांधून ती भांड्याच्या आत ठेवा.